महिलांच्या सांघिक टेनिसची चाळीस वर्षांची प्रतीक्षा : वाइटमन चषक ते फेडरेशन चषक

प्रस्तावना :

डेव्हिस चषक ही पुरुषांची आंतरराष्ट्रीय सांघिक टेनिस स्पर्धा १९०० मध्ये बोस्टन येथे सुरू झाली. महिलांसाठी तशी जागतिक स्पर्धा सुरू होण्यास मात्र १९६३ साल उजाडावे लागले. महिलांच्या खेळाचा दर्जा तोपर्यंत पुरेसा उंचावला नव्हता, असे या विलंबाचे कारण कोणी सांगितल्यास ते टिकणारे नाही. विम्बल्डन येथे महिला एकेरीची स्पर्धा १८८४ पासून होत होती. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन हिने १९१९ ते १९२५ या काळात तेथे एकेरीची सहा विजेतेपदे मिळविली. १९२२ मध्ये विम्बल्डनची स्पर्धा अधिक मोठ्या मैदानावर हलविण्यात आली, त्यामागे तिची लोकप्रियता हेही एक कारण मानले जाते. म्हणजे खेळाडू होत्या, प्रेक्षकही होते. उणीव होती ती खर्चाची जबाबदारी स्वीकारणाऱ्या संस्थेची. या दृष्टीने सदर स्पर्धेचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते.

वाइटमन चषकाची मर्यादा :

हेझल हॉचकिस वाइटमन या अमेरिकन खेळाडूने १९१९ मध्ये महिलांच्या सांघिक स्पर्धेची कल्पना मांडली. १९०९ ते १९११ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळविणाऱ्या वाइटमनबाईंचा शब्द टेनिसक्षेत्रात वजनदार होता. तरीही ही कल्पना तेव्हा स्वीकारली गेली नाही. स्पर्धेत फ्रान्ससह अनेक राष्ट्रे असावीत अशी त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात १९२३ मध्ये फॉरेस्ट हिल्स येथे जी स्पर्धा सुरू झाली, ती अमेरिका आणि ब्रिटन या दोनच देशांपुरती राहिली. पाच एकेरी व दोन दुहेरी असे सात सामने आणि आळीपाळीने दोन्ही देशांत आयोजन, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या वर्षी अमेरिकेने ७-० असा, तर दुसऱ्या वर्षी ब्रिटनने ६-१ असा विजय मिळविला. या दोन निकालांवरून चुरशीची अपेक्षा निर्माण झाली असल्यास ती पुढे फोल ठरली. १९३१ ते १९५७ या काळात झालेली प्रत्येक स्पर्धा अमेरिकेने जिंकली. १९८९ मध्ये ही परंपरा खंडित झाली, तेव्हा एकूण ६१ स्पर्धांपैकी ५१ अमेरिकेच्या नावावर होत्या. दोनच राष्ट्रांच्या स्पर्धेत एक राष्ट्र सातत्याने दुर्बल ठरू लागले, की स्पर्धेचे प्रयोजनच उरत नाही.

फेडरेशन चषकाची स्थापना :

मूळ ब्रिटिश परंतु अमेरिकेत स्थायिक झालेल्या माजी खेळाडू मेरी हार्डविक हेअर यांनी १९६२ मध्ये या प्रश्नाचा पाठपुरावा केला. अशा स्पर्धेस विविध देशांचा भरघोस पाठिंबा आहे, हे त्यांनी कागदोपत्री पुराव्यानिशी आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस महासंघासमोर ठेवले. ऑस्ट्रेलियाच्या नेल हॉपमन यांनीही ही मागणी लावून धरली होती. महासंघाची स्थापना १९१३ ची. सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १९६३ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर पहिली स्पर्धा झाली.

या स्पर्धेस रोख बक्षीस नव्हते आणि प्रत्येक संघाने आपला खर्च आपणच करावयाचा होता. तरीही १६ देशांचे संघ आले. ही एकच गोष्ट चार दशकांच्या शंकाकुशंकांना पुरेसे उत्तर होती. अंतिम लढतीत मार्गारेट स्मिथ हिने डार्लिन हार्डला हरविले, बिली जीन मॉफिट हिने लेस्ली टर्नरवर मात केली आणि निर्णायक दुहेरीत हार्ड-मॉफिट जोडीने ३-६, १३-११, ६-३ असा विजय मिळवून चषक अमेरिकेला दिला. हीच मॉफिट पुढे बिली जीन किंग या नावाने विख्यात झाली.

स्पर्धेची रचनाही काटकसरीची होती. दोन एकेरी व एक दुहेरी एवढीच लढत, आणि संपूर्ण स्पर्धा एका ठिकाणी, सुमारे आठवड्याभरात. डेव्हिस चषकाची लढत स्पर्धक देशांपैकी एकाच्या भूमीवर होत असल्याने तिला हक्काचा प्रेक्षकवर्ग लाभे. येथे यजमान वगळता इतर सर्व संघ परक्या मैदानावर परक्या प्रेक्षकांसमोर खेळत. प्रायोजक मिळण्यास १९७६ पर्यंत थांबावे लागले.

तथापि याच एकस्थळी रचनेतून १९८६ ची प्राग येथील स्पर्धा घडली. मार्टिना नवरातिलोवा हिने १९७५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाला हा चषक मिळवून दिला आणि त्याच वर्षी अमेरिकेत आश्रय घेतला. अकरा वर्षांनंतर ती अमेरिकेच्या संघातून जन्मभूमीत परतली. यजमान संघ सलग तीन वर्षांचा विजेता होता. अमेरिकेने अंतिम लढत ३-० अशी जिंकली, आणि तरीही प्रागच्या प्रेक्षकांनी तिचे मनःपूर्वक स्वागत केले. तेथील राजवटीला न रुचणारी ही दाद होती.

१९९४ मध्ये सहभागी देशांची संख्या ७३ वर गेली. १९९५ मध्ये स्पर्धेचे नाव 'फेड चषक' झाले व लढती स्पर्धक देशांतच होऊ लागल्या. २०१९ मध्ये पुन्हा एकाच ठिकाणी बारा देशांची अंतिम फेरी घेण्याचे ठरले, मात्र या वेळी एकूण १ कोटी ८० लाख डॉलरची रक्कम जाहीर करून. २०२० मध्ये स्पर्धेला बिली जीन किंग यांचे नाव देण्यात आले. स्त्रीच्या नावाची ही पहिली मोठी जागतिक सांघिक स्पर्धा, असा तिचा गौरव केला जातो. यातील 'जागतिक' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दोन देशांच्या स्पर्धेवर वाइटमनबाईंचे नाव सत्त्याण्णव वर्षे आधीच लागले होते.

भारताचा सहभाग :

डेव्हिस चषकात भारत १९२१ पासून आहे. महिलांच्या स्पर्धेत तो प्रथम उतरला १९९१ मध्ये. हे सत्तर वर्षांचे अंतरही खेळाडूंच्या अभावाने पडलेले नाही. संस्कृत कवयित्री व टेनिसपटू क्षमाबाई राव यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ मध्येच विम्बल्डनमध्ये सामना जिंकला होता, आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. मार्च २०२० मध्ये दुबई येथे मातृत्वानंतर परतलेली सानिया मिर्झा आणि अंकिता रैना यांच्या खेळामुळे भारताने प्रथमच जागतिक गटाच्या पात्रता लढतीपर्यंत मजल मारली. २०२१ मध्ये ती लढत लॅटव्हियाने जिंकली. एप्रिल २०२५ मध्ये आशिया-ओशिनिया गटाची स्पर्धा पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडी येथे झाली. भारत दुसरा आला. त्यापुढील नोव्हेंबरमधील लढती बंगळुरूला झाल्या. तेथे स्लोव्हेनिया व नेदरलँड्स यांच्याकडून भारतीय संघ पराभूत झाला, परंतु ते सामने घरच्या प्रेक्षकांसमोर झाले.