रायगड जिल्ह्यातील आशा स्वयंसेविका

आशा स्वयंसेविका या राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत गावपातळीवर काम करणाऱ्या महिला आरोग्य कार्यकर्त्या आहेत. 'ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'आशा' हे नाव रूढ झाले. रायगड जिल्ह्यात त्या जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाच्या देखरेखीखाली, प्राथमिक आरोग्य केंद्रांशी संलग्न राहून काम करतात. शासनदरबारी त्यांची गणना कर्मचारी म्हणून न होता स्वयंसेविका म्हणून होते. त्यामुळे त्यांना वेतन नव्हे, तर मोबदला मिळतो.

पार्श्वभूमी

रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यात गावातील स्त्रियांमार्फत आरोग्यसेवा देण्याचा प्रयोग आशा योजनेच्या कितीतरी आधी झाला होता. मुंबईतील शल्यविशारद डॉ. नोशीर अंतिया यांच्या पुढाकाराने अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात १९७०च्या दशकात ग्राम आरोग्य प्रकल्प राबवण्यात आला. अल्पशिक्षित स्थानिक स्त्रियांनी योग्य प्रशिक्षणानंतर प्राथमिक आरोग्यसेवेची बरीच कामे समर्थपणे केल्याचे त्यात दिसून आले. स्थानिक पुढाऱ्यांच्या विरोधामुळे १९८०च्या दशकात हा प्रकल्प थांबला.

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभर सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू केली. तिच्यातील कार्यकर्त्यास दरमहा ५० रुपये मानधन होते. पुढे या कार्यकर्त्यांना ग्राम आरोग्य मार्गदर्शक म्हटले जाऊ लागले. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यातून आशा योजना आली.

निवड व कामाचे स्वरूप

सर्वसाधारणपणे दर हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली जाते. आदिवासी व डोंगराळ भागांत हा निकष शिथिल असतो. ती त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा अथवा घटस्फोटित आणि २५ ते ४५ वयोगटातील असावी, असे मूळ निकष आहेत. गरोदर मातांची नोंदणी, प्रसूतीसाठी रुग्णालयात सोबत जाणे, नवजात बालकांच्या गृहभेटी, लसीकरण, क्षयरुग्णांचा पाठपुरावा आणि घरोघरी सर्वेक्षण ही तिची प्रमुख कामे होत.

जिल्ह्याच्या भूगोलाचा या कामावर थेट परिणाम होतो. उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या किनारी तालुक्यांत दाट कोळीवाडे आहेत, तर आतील डोंगरउतारांवर कातकरी व ठाकर समाजाच्या विखुरलेल्या वाड्या आहेत. पावसाळा संपल्यावर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. अशा वेळी नोंदवलेल्या मातेचा किंवा बालकाचा पाठपुरावा खंडित होतो आणि त्यावर अवलंबून असलेला मोबदलाही बुडू शकतो.

मोबदल्याची रचना

आशांच्या उत्पन्नाचे तीन भाग पडतात: कामनिहाय मोबदला, केंद्राकडून नियमित कामांसाठी मिळणारी मासिक रक्कम आणि राज्य शासनाची मासिक रक्कम.

कामनिहाय मोबदल्यात प्रत्येक कामाचा दर ठरलेला असतो. नवजात बालकाच्या गृहभेटींसाठी २५० रुपये मिळतात. संस्थात्मक प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी पूर्ण कराव्या लागतात. बालकाचे पहिल्या वर्षातील लसीकरण पूर्ण झाल्यास १०० रुपये मिळतात. २०२० मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर दर हजारी सुमारे १५ होता. या दराने हजार वस्तीच्या गावात वर्षाला सुमारे पंधरा जन्म होतात. म्हणजे नव्वद गृहभेटींचे वर्षभराचे उत्पन्न ३,७५० रुपये, अर्थात प्रत्येक भेटीमागे सुमारे ४२ रुपये होते. जन्मदर घटला की हे उत्पन्नही घटते. वाड्यांमधील अंतराचा मात्र या दरात विचार होत नाही.

केंद्राने नियमित कामांची मासिक रक्कम ऑक्टोबर २०१८ पासून १,००० वरून २,००० रुपये केली. २०२५ मध्ये ती ३,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला.

आंदोलने व मोबदलावाढ

कोविड साथीत आशांनी घरोघरी तपासणी केली. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचा भारही मोठ्या प्रमाणात त्यांच्यावर होता. जून २०२१ मध्ये राज्यातील आशांनी संप केला. त्यानंतर राज्य शासनाने १,००० रुपयांची मासिक वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य केला. २०२३ मध्ये राज्याची मासिक रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा संप झाला. दिलेल्या आश्वासनाचा शासन निर्णय न निघाल्याने १२ जानेवारी २०२४ पासून तो पुन्हा सुरू झाला. अखेर मार्च २०२४ मध्ये ५,००० रुपयांची वाढ नोव्हेंबर २०२३ पासून लागू करण्यात आली आणि राज्याकडून मिळणारी रक्कम १०,००० रुपये झाली.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार देऊन गौरवले होते. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कर्मचाऱ्याचा दर्जा या संघटनांच्या मागण्या त्यानंतरही कायम राहिल्या. योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावे, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती.

सेवेतील संधी

आशा पदाला नियमित पदोन्नतीची साखळी नाही. आशांच्या वरचे पद गटप्रवर्तकाचे असून एका गटप्रवर्तकाकडे साधारणतः वीस ते पंचवीस आशांचे पर्यवेक्षण असते. या पदांची संख्या मोजकी आहे. शिवाय पदवीची अट असल्याने दहावीपर्यंत शिकलेल्या आशांना ते गाठणे कठीण जाते. गटप्रवर्तकही कायम सेवेत नसतात. दुसरा मार्ग परिचर्या शिक्षणाचा आहे. काही राज्यांनी सहायक परिचारिका प्रसाविका अभ्यासक्रमात आशांसाठी जागा राखून ठेवल्या आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत आशांच्या कौशल्याचे प्रमाणीकरणही केले जाते.

सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत आशांना प्रधानमंत्री जीवन ज्योती व सुरक्षा विमा योजनांचे संरक्षण आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात त्यांचा आयुष्मान भारत योजनेत समावेश जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीसांना उपदानाचा हक्क मान्य केला. आशा या त्या निकालाच्या कक्षेत येत नाहीत.