करकपातीच्या दाखल्याची कुळकथा

श्रोतेहो, सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला 1664 आणि 1670 ही दोन साले आठवतात. शिवछत्रपतींच्या त्या स्वाऱ्यांची हकीकत आपण लहानपणीच ऐकलेली असते. परंतु सुरतेच्या इतिहासात पैशाच्या देण्याघेण्याचा आणखी एक अध्याय आहे. त्यात घोडदळ नाही, तोफा नाहीत. आहेत ते दुकानदार, कारकून आणि कागद. सरकारने कर मागावा आणि प्रजेने ‘कशाच्या आधारावर?’ असे विचारावे, हा तो अध्याय होय. आज त्याच शहरात पगारातून किंवा मजुरीच्या बिलातून परस्पर कर कापला गेलेली हजारो मराठी माणसे राहतात. म्हणून त्यांच्या हाती पडणाऱ्या करकपातीच्या दाखल्याची कुळकथा सांगावी, असे योजिले आहे.

सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना सोडते, तेव्हा सचिनच्या अलीकडे भेस्तान हे स्थानक लागते. एके काळचे हे गाव आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेशची माणसे या बाजूस आली. कोणी यंत्रमागावर लागली, कोणी कापडाच्या रंगाई-छपाईत, कोणी भरतकामाच्या यंत्रावर. यांपैकी पगारदाराच्या हाती करकपातीचा दाखला येतो. दुसऱ्याचे कापड घेऊन त्यावर मजुरीने काम करून देणाऱ्या लहान कारखानदारालाही तसा दाखला मिळतो. पुष्कळांच्या घरी हे कागद वीजबिलांच्या गठ्ठ्यात जाऊन बसतात. त्या कागदामागे केवढा इतिहास उभा आहे, हे ध्यानी आले तर तसे होणार नाही.

1844 साली मुंबई सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला, तेव्हा सुरतेत दंगा उसळला आणि सरकारला वाढीचा काही भाग मागे घ्यावा लागला. पुढे 1857 च्या उठावाने तिजोरी रिकामी झाली. ती भरण्यासाठी विलायतेहून आलेल्या जेम्स विल्सन यांनी 1860 साली हिंदुस्थानात प्रथमच प्राप्तिकर बसविला. वार्षिक दोनशे ते पाचशे रुपये प्राप्तीवर शेकडा दोन आणि त्यावरील प्राप्तीवर शेकडा चार असा त्याचा दर होता. कर अमलात आल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट 1860 मध्ये, विल्सन कलकत्त्यास निवर्तले आणि पाच वर्षांनी त्यांचा करही उठला. पण मिठावर कर घेणे निराळे आणि माणसाच्या प्राप्तीवर कर घेणे निराळे. मिठाचे वजन करता येते; दुकानदाराची प्राप्ती कोणत्या काट्यावर तोलावी? वह्या खऱ्या की खोट्या, मिळकत किती, हे अखेर अधिकाऱ्याच्या अंदाजावर येऊन ठेपे.

या अंदाजाचा जाच 1878 साली सुरतेने अनुभवला. 1876 ते 1878 च्या भीषण दुष्काळानंतर पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून सरकारने व्यापारधंद्यावर परवाना कर बसविला. एप्रिल 1878 मध्ये सुरतेच्या बाजाराने दुकाने बंद केली, दंगल झाली आणि गोळीबारही झाला. त्या प्रकरणातील आरोपींच्या बचावासाठी फिरोजशहा मेहता मुंबईहून धावून गेले होते. त्या असंतोषाचे मूळ कराच्या बोज्यात होते तसेच ते कराच्या रीतीतही होते. उंबरठ्यावर येऊन उभा राहणारा कारकून काय आकडा सांगेल, याची धास्ती आणि तो आकडा खोटा ठरविण्यास हाती पुरावा नाही, ही असहायता, या दोहोंनी बाजार पेटला असे म्हणावे लागते.

या अडचणीवर इंग्लंडात पूर्वीच एक तोडगा निघाला होता. 1799 साली पिट यांनी तेथे प्राप्तिकर बसविला. पुढे 1803 साली ॲडिंग्टन यांनी, पैसा ज्याच्या हातून निघतो त्यानेच कर कापून सरकारात भरावा, अशी पद्धत घातली. कराचा दर निम्मा केला, तरी उत्पन्न जवळजवळ पूर्वीइतकेच आले! पाणी शेतात पसरण्यापूर्वी पाटावरच अडवावे, तसा हा प्रकार. आपल्याकडे 1886 च्या प्राप्तिकर कायद्याने हीच वाट धरली आणि सरकारी नोकरांचा कर पगार देतानाच कापला जाऊ लागला. त्या कायद्याप्रमाणे वर्षाला पाचशेपासून दोन हजारांपर्यंत पगार असणाऱ्यास रुपयामागे चार पै कर पडे. म्हणजे दरमहा पन्नास रुपये मिळविणाऱ्या कारकुनाचे दोनशे पै, अर्थात एक रुपया आठ पै, हाती येण्यापूर्वीच वजा होत.

उंबरठ्यावरचा कारकून अशा रीतीने दूर झाला खरा. पण त्याच्या जागी एक नवा प्रश्न उभा राहिला. कापलेला पैसा सरकारात पोचला, याला प्रमाण काय? कर देणारा एक, भरणारा दुसरा आणि घेणारा तिसरा. या तिघांच्या व्यवहारात पहिल्याच्या हाती काही तरी लेखी असणे अगत्याचे होते. म्हणूनच 1922 च्या कायद्यात कर कापणाऱ्याने दाखला दिलाच पाहिजे, असे कलम आले. 1961 च्या कायद्याने तेच बंधन कायम ठेवले. 1967 पासून बँकांच्या ठेवींखेरीज इतर व्याजाची आणि 1972 पासून कंत्राटी कामाच्या पैशाची कपात सुरू झाली, तेव्हा हा दाखला कचेरीतून कारखान्यात आणि कारखान्यातून घरोघर शिरला. 2025 साली संसदेने नवा प्राप्तिकर कायदा संमत केला आणि त्याच्या अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026 ठरविली. त्यात कलमांचे अनुक्रमांक बदलले. दाखल्याचे प्रयोजन बदललेले नाही.

आता हा कागद वाचावा कसा? त्यात चार गोष्टी पाहाव्यात: आपला ‘पॅन’ क्रमांक, आपणास दिलेली एकूण रक्कम, कापलेला कर आणि सरकारजमा झालेला कर. मग प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरील आपल्या वार्षिक पत्रकाशी त्या ताडून पाहाव्यात. नोकराचा दाखला म्हणजे धन्याची साक्ष आणि हे पत्रक म्हणजे खजिन्याची साक्ष. दोन्ही साक्षी जुळल्या तरच विवरणपत्र निर्धास्तपणे भरावे.

एक उदाहरण घेऊ. भेस्तानच्या एखाद्या भरतकाम करणाऱ्याने एका मोठ्या व्यापाऱ्यास वर्षभरात 2,40,000 रुपयांचे काम करून दिले, असे समजा. शेकडा एक या दराने 2,400 रुपये कापले गेले आणि 2,37,600 हाती आले. विवरणपत्रात मिळकत म्हणून हाती आलेला आकडा धरावयाचा नसतो. हिशेब 2,40,000 पासूनच सुरू करावयाचा असतो. खर्च वजा जाता त्याची प्राप्ती करमाफीच्या मर्यादेत राहिली, तर ते 2,400 रुपये त्याचेच आहेत. पण विवरणपत्र भरून मागितल्यावाचून ते परत येत नाहीत. ‘माझी मिळकत कराला पात्र नाही, मग मला विवरणपत्र कशाला?’ असे म्हणणारा आपलाच पैसा सोडून देतो. आणि ज्याने पॅन क्रमांकच दिला नाही, त्याची कपात शेकडा वीसपर्यंत जाऊ शकते.

कापणाऱ्याने कर कापला, पण भरलाच नाही तर? तो गुन्हा आहे आणि 1961 च्या कायद्यात त्याला सक्तमजुरीची शिक्षा सांगितली होती. त्याच कायद्याचे 205 वे कलम असे की, ज्याच्या मिळकतीतून कर कापला गेला त्याच्याकडून तेवढा कर पुन्हा मागता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2007 साली हे तत्त्व उचलून धरले. 2021 साली गुजरात उच्च न्यायालयानेही बंद पडलेल्या किंगफिशर विमान कंपनीतील एका वैमानिकास याच कलमाचा आधार दिला. मात्र हा आधार दुबार वसुलीपुरताच आहे. परतावा मागणाऱ्याच्या खात्यावर कपात जमा धरली जाते, ती कापणाऱ्याने कळविलेल्या माहितीवरून. म्हणून पत्रकात रक्कम दिसत नसेल तर प्रथम कापणाऱ्याकडे लेखी मागणी करावी. पगाराच्या चिठ्ठ्या, बिले आणि बँकेचे उतारेही जपून ठेवावेत. कपात झाल्याची साक्ष तेच देतात.

श्रोतेहो, 1878 साली सुरतेचा दुकानदार अधिकाऱ्याच्या अंदाजापुढे रिकाम्या हातांनी उभा होता. आज भेस्तानच्या मजुराच्या हाती एक कागद आहे, आणि त्यावर त्याच्या घामाच्या पैशाचा सरकारशी झालेला व्यवहार आकड्यांनिशी लिहिलेला आहे. कर देणे हे नागरिकाचे कर्तव्य खरे. पण दिलेल्या कराची नोंद मागणे हाही त्याचा हक्कच आहे. तो दाखला वीजबिलांच्या गठ्ठ्यातून काढावा, घरातील शिकत्या मुलाला जवळ बसवावे आणि त्यातील आकडे एकदा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावेत.