हृदयाने आधीच सांगितलं होतं : हँक गॅदर्सचे अखेरचे ८५ दिवस

४ मार्च १९९० च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसमध्ये बास्केटबॉलचा सामना रंगात आला असताना २३ वर्षांचा हँक गॅदर्स मैदानातच कोसळला आणि पावणेदोन तासांत त्याला मृत घोषित करण्यात आलं. साडेसहा फूट उंच, पिळदार शरीर, अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधला नावाजलेला खेळाडू. असा धडधाकट तरुण गेला की आपण नशिबाला बोल लावतो आणि गप्प होतो. इथे तसं करून भागणार नाही. गॅदर्सच्या हृदयाने ८५ दिवस आधी, भर सामन्यात, सगळ्यांच्या देखत सूचना दिली होती. तपासण्या झाल्या, निदान झालं, औषध सुरू झालं. तरी तो वाचला नाही. ज्यांच्या घरात कुणाच्या ठोक्यांची लय बिघडलेली आहे, त्यांनी हा घटनाक्रम नीट पाहावा.

९ डिसेंबर १९८९, शनिवार : ८५ दिवस आधी

लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा संघ सांता बार्बराच्या संघाशी खेळतोय. प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांची पद्धत अशी की चेंडू हाती आला की काही सेकंदांत बास्केटकडे झेपावायचं आणि पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्याला विश्रांती घेऊ द्यायची नाही. या दमछाकीच्या खेळाचा गॅदर्स हा कणा. आदल्याच हंगामात त्याने देशात सर्वाधिक सरासरी गुण आणि सर्वाधिक रिबाउंड (नेम हुकल्यावर पकडलेले चेंडू) अशा दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक मिळवला होता.

फ्री थ्रो, म्हणजे कुणाच्या अडथळ्याविना मारायचा नेम, घ्यायला तो रेषेवर उभा राहतो आणि खाली पडतो. थोड्या वेळाने शुद्धीवर येतो, उठतो, आपल्या पायांनी बाहेर जातो. पाहणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो.

धोका सुरू होतो तो इथेच. उन्हात ताटकळून किंवा उपाशीपोटी येणारी चक्कर वेगळी आणि शरीर पूर्ण जोरात पळत असताना हरपणारी शुद्ध वेगळी. दुसऱ्या प्रकारात हृदयाचा विकार नाही, हे तपासणीने सिद्ध होईपर्यंत तो आहे असंच धरून चालायचं असतं. माणूस लगेच सावरला, म्हणजे बिघडलेली लय त्या वेळी आपोआप ताळ्यावर आली, एवढंच कळतं. पुढच्या वेळीही ती ताळ्यावर येईल, याची हमी त्यात नसते.

डिसेंबर १९८९ : निदान आणि औषध

गॅदर्सच्या तपासण्या होतात. श्रम करताना त्याच्या ठोक्यांची लय बिघडते, असं दिसून येतं.

ठोके चुकण्याचे प्रकार अनेक, आणि त्यांचं गांभीर्यही सारखं नसतं. मध्येच एखादा जादा ठोका पडून छातीत धस्स होणं हे जागरणाने, चहा-कॉफीच्या अतिरेकाने, ताणाने निरोगी माणसालाही होतं आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. वरच्या कप्प्यांची लय विस्कटली की त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. उतारवयात ते बरंच आढळतं. त्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाण्याची भीती असते आणि पक्षाघाताचा धोका साधारण पाच पटींनी वाढतो. सर्वांत घातक बिघाड खालच्या कप्प्यांचा. त्यातला एक व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया. तिथे ठोके इतके भराभर पडतात की दोन ठोक्यांमध्ये हृदयात रक्त भरायला उसंतच मिळत नाही. हापसा नुसता खडाखडा हलवला तर पाणी वर चढत नाही, तसं. त्यापुढची पायरी व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही आणि दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते.

स्वस्थ पडून काढलेल्या ईसीजीत यातलं काहीच दिसलं नाही, असं होऊ शकतं. म्हणून ट्रेडमिलवर चालवून बघावं लागतं, चोवीस तास किंवा त्याहून जास्त काळ होल्टर (अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र) लावावा लागतो, स्नायूची जाडी पाहायला इकोकार्डिओग्राम लागतो.

गॅदर्सला प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर सुरू होतं. इंडेराल या नावाने ते आपल्याकडच्या डॉक्टरांच्याही ओळखीचं आहे. अॅड्रिनलिनच्या उसळीला हृदयाने दिलेला प्रतिसाद ते आवरतं, ठोक्यांचा वेग वाढू देत नाही.

वर्षअखेर आणि जानेवारी १९९० : सौदा

काही आठवड्यांतच गॅदर्स पुन्हा मैदानात उतरतो. अंग जड वाटतं, पाय पूर्वीसारखे उचलत नाहीत. यात नवल नाही. हृदयाचा वेग बांधून ठेवणारं औषध पळण्याचा वेगही बांधून ठेवतं.

फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीतून तो आणि त्याचा शाळासोबती बो किंबल इथवर आले होते. हंगाम संपला की व्यावसायिक संघांची निवड होणार होती. गॅदर्सला आपला खेळ परत हवा होता आणि त्यासाठी गोळीचं प्रमाण कमी व्हायला हवं होतं. डॉक्टरांनी ते टप्प्याटप्प्याने कमी केलं.

प्रत्येक टप्पा वेगळा पाहिला तर लहानच वाटतो. माणसाला बरं वाटतंय, पुन्हा चक्कर आलेली नाही, मग थोडं कमी करून पाहू. पण पुन्हा चक्कर न येण्यामागे ती गोळीच असू शकते. शिवाय हृदयाचा स्नायूच सदोष असेल, तर बीटा ब्लॉकर धोका कमी करतो, मूळ दोष दुरुस्त करत नाही. औषध आणि कठोर खेळ हे दोन्ही एकत्र सांभाळण्याच्या प्रयत्नात दरवेळी औषधालाच माघार घ्यावी लागली.

३ फेब्रुवारी १९९० : २९ दिवस आधी

लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये शकील ओनीलच्या संघाविरुद्ध सामना. जादा वेळेपर्यंत ताणलेली लढत लोयोला १४८-१४१ अशी हरते, पण गॅदर्स एकटा ४८ गुण काढतो. जुना गॅदर्स परतला, अशी सगळ्यांची खात्री होते.

या टप्प्यावर फसगत सर्वांत मोठी होते. खेळाडूची कामगिरी हा त्याच्या हृदयाच्या प्रकृतीचा पुरावा मानला जातो. प्रत्यक्षात लयीचा आजार दोन झटक्यांच्या मधल्या काळात कसलंही चिन्ह दाखवेलच असं नाही. मॅरेथॉन पूर्ण करणारा, रोज टेकडी चढणारा माणूसही त्यातून सुटत नाही.

४ मार्च १९९०, रविवार दुपार : काही तास आधी

वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोर्टलंडशी गाठ आहे. घरचंच मैदान, गर्स्टन पॅव्हिलियन. प्रेक्षकांत गॅदर्सची आई आहे, नातेवाईक आहेत. डिसेंबरच्या प्रसंगानंतर विद्यापीठाने डीफिब्रिलेटरही, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्रही, आणून ठेवलं आहे. धोक्याची जाणीव होती, हे त्या यंत्रावरूनच कळतं. तरीही ज्याच्यासाठी ते आणलं, तो खेळाडू मैदानात उतरणार आहे.

संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास : शेवटचा क्षण

सामना सुरू होऊन थोडाच वेळ झालाय. सहकाऱ्याने उंच टाकलेला चेंडू गॅदर्स हवेतच पकडून बास्केटमध्ये दणकावतो. गुणफलक २५-१३. टाळ्यांच्या गजरात तो मागे धावतो आणि मैदानाच्या मध्याजवळ कोसळतो. उठायची धडपड करतो, पुन्हा खाली पडतो.

पुढची मिनिटं

लोक धावतात. त्याला स्ट्रेचरवरून सभागृहाबाहेर नेलं जातं. विजेचा झटका दिला जातो तो बाहेर नेल्यानंतर.

हृदय थरथरू लागलं की प्रत्येक मिनिट मोजून घ्यावं लागतं. छाती दाबली नाही आणि झटकाही दिला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. अमेरिकेतल्या कॅसिनोंमध्ये प्रशिक्षित सुरक्षारक्षकांच्या हाती डीफिब्रिलेटर देऊन केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला, त्यांच्यातले ७४ टक्के वाचले. उशीर झालेल्यांमध्ये हे प्रमाण ४९ टक्के होतं. म्हणून कोसळलेल्या माणसाला आधी हलवायचं नसतं. उपचार तो पडला तिथेच सुरू करायचे असतात.

संध्याकाळी ६ वाजून ५५ मिनिटं

रुग्णालयात गॅदर्सला मृत घोषित केलं जातं. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूचा विकार, कार्डिओमायोपॅथी, आढळतो.

त्यानंतर

वेस्ट कोस्टची ती स्पर्धा रद्द झाली. लोयोलाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला, तिथे गतविजेत्या मिशिगनला त्याने १४९-११५ असं हरवलं आणि अखेरच्या आठ संघांत मजल मारली. गॅदर्स फ्री थ्रो डाव्या हाताने घ्यायचा. उजव्या हाताने खेळणारा किंबल त्या प्रत्येक सामन्यात पहिला फ्री थ्रो मित्रासाठी डाव्या हाताने घेत राहिला.

धडा मात्र शिकला गेला नाही. बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचा रेगी लुईस २९ एप्रिल १९९३ रोजी सामन्यात कोसळला. डॉक्टरांच्या एका गटाने हृदयाच्या स्नायूचा विकार सांगितला, दुसऱ्या मताने साधी चक्कर ठरवली. २७ जुलैला सराव करताना तो गेला. त्याचं वय २७ होतं.

याउलट १२ जून २०२१ ची संध्याकाळ. कोपनहेगनमध्ये युरो फुटबॉल स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिकसन पूर्वार्ध संपत आला असताना कोसळला. पंचांनी खेळ तत्काळ थांबवला, डॉक्टर मैदानात धावले, छाती दाबायला सुरुवात झाली, तिथेच गवतावर डीफिब्रिलेटरचा झटका दिला गेला. मैदानातच तो शुद्धीवर आला. सहा दिवसांनी, शरीरात डीफिब्रिलेटर बसवून, तो घरी गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळू लागला. शरीरात बसवायचं हे यंत्र १९८० साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून पहिल्यांदा वापरलं गेलं होतं, आणि १९८५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली होती. गॅदर्स गेला तेव्हा ते अस्तित्वात होतं.

आपल्यासाठी

शाळेच्या मैदानात, पोलीस भरतीच्या धावण्यात, जिममध्ये किंवा गडाच्या चढणीवर कुणी धावता-धावता बेशुद्ध पडलं, तर साखरपाणी देऊन घरी पाठवू नका. त्याच दिवशी ईसीजी काढा, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा आणि परवानगी मिळेपर्यंत खेळ बंद ठेवा. कुटुंबात कुणी तरुणपणी झोपेत, पोहताना किंवा खेळताना अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते त्यांना सांगा. हृदयाच्या स्नायूचे आणि लयीचे अनेक विकार आनुवंशिक असतात, म्हणून भावंडांची तपासणीही गरजेची असते. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंची हृदयतपासणी सक्तीची आहे. तिथल्या व्हेनेटो प्रांतात पुढच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंचे असे मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले.

डोळ्यांसमोर कुणी कोसळलं, हाक मारून ओ देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि स्वतः छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी दाबायला लागा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. अधूनमधून येणारी घरघर म्हणजे श्वास नव्हे, आणि आचके आले म्हणजे फिटच आली असंही नव्हे. जवळपास डीफिब्रिलेटर असेल तर तिथेच मागवा. काय करायचं ते यंत्र स्वतः बोलून सांगतं.

आणि ज्यांना लय सांभाळणारी गोळी सुरू आहे, त्यांनी ती आपल्या मनाने कमी करू नये, अचानक बंद तर मुळीच करू नये. बीटा ब्लॉकर एकदम थांबवला तर हृदय उलट उसळी घेऊ शकतं. गोळीने थकवा येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, पण एवढ्यावर थांबू नका. गोळी कमी केली तर माझ्या हृदयाचं रक्षण कशाने होणार आणि कमी केल्यावर पुन्हा ट्रेडमिल आणि होल्टर कधी करायचा, हे त्यांना स्पष्ट विचारा. या प्रश्नांची उत्तरं हातात येईपर्यंत धावणं, जिम आणि ट्रेक थांबलेले बरे.