गोड रोग आणि मुके यकृत

मंडळी, ‘मला काय धाड भरलीय?’ असे आपण सहज म्हणून जातो. बुलढाणा तालुक्यातल्या धाडकरांना तर या वाक्यात आपल्या गावाचेच नाव ऐकू येत असेल! पण मधुमेह असलेल्याने ते जपून म्हणावे. यकृतात चरबी साठत असली, तरी बहुधा दुखत-खुपत काहीच नाही.

मधुमेह आपल्याकडे जुनाच. फार बसणे, फार झोपणे, गोडधोड खाणे यांतून प्रमेह जडतो, असे चरकसंहिता सांगते. यकृताचा धागा मात्र उशिरा हाती लागला. १९२१ साली कॅनडात टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. पुढे स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगवण्यात आले, तरी काही महिन्यांनी ते दगावू लागले. पाहावे तो यकृत चरबीने भरलेले! कोलीन नावाचे द्रव्य ही चरबी रोखते, असे बेस्ट व सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये दाखवले. माणसाचा रोग मात्र एवढ्याने सुटणारा नव्हता.

यकृत बिघडले म्हणजे माणूस दारू पीत असणार, असाच समज होता. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी वीस रोग्यांची हकीकत छापली. यकृते दारुड्यासारखी, पण दारूचे व्यसन नाही. त्यांतले बरेच जण स्थूल होते, कित्येकांना मधुमेह होता. तेव्हा गुरुजी, गावातल्या माळकऱ्याला हा रोग निघाला, तर त्याच्यावर कुणी आळ घेऊ नये, हे आपणच सांगा.

‘मी तर काटकुळा!’ हेही खरे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत अभ्यास केला. आपली बाळे वजनाला कमी, पण त्या मानाने अंगात चरबी राखून असलेली आढळली. म्हणून वजनाबरोबर कंबरही मोजा.

रोग ओळखायचा कसा? सोनोग्राफीत चरबी दिसते. यकृत निबर होते आहे का, याचा अंदाज साध्या रक्ततपासणीवरून घेता येतो. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. वय ५०, एसजीओटी ४८, प्लेटलेट दोन लाख, एसजीपीटी ३६ असेल, तर उत्तर २ येते. पस्तीस ते पासष्ट वयात १.३ च्या वर आकडा गेला, तर डॉक्टरांकडून पुढची तपासणी करून घ्यावी. घाबरू नये, हा इशारा आहे, निकाल नव्हे.

उपाय आपल्या हातचे आहेत. वजन जास्त असेल, तर शंभरात सात ते दहा भाग हळूहळू उतरवावे. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने पाच ते सात किलो. रोज चालावे, साखरेचा चहा आणि बाटलीतली गोड पेये सोडावीत, दारूला शिवू नये. मधुमेहाची औषधे मनाने बंद करू नयेत.

फेब्रुवारी २०२१ मध्ये भारत सरकारने हा रोग राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तेव्हा साखर तपासायला जाल, तेव्हा एवढे विचारा: ‘डॉक्टर, माझे यकृत कसे आहे?’ यकृत मुके आहे. त्याच्या वतीने आपणच बोलले पाहिजे.