उपदंशावरील औषधोपचाराचा इतिहास

ट्रेपोनेमा पॅलिडम या मळसूत्राकार सूक्ष्मजंतूमुळे होणाऱ्या व मुख्यत्वे लैंगिक संबंधातून संक्रमित होणाऱ्या रोगास उपदंश (गरमी, सिफिलिस) म्हणतात. प्रारंभीचा व्रण आणि त्यानंतर अंगावर उठणारा पुरळ उपचाराविनाही नाहीसे होतात. परंतु जंतू शरीरात सुप्त राहून कित्येक वर्षांनी महारोहिणी, मेंदू वा मज्जारज्जू यांची हानी करू शकतात. लक्षणे आपोआप मावळण्याच्या या स्वभावामुळे औषधाने रोग खरोखर बरा झाला की केवळ दडून राहिला, हे ठरविणे चार शतके अवघड होते. म्हणूनच या रोगाच्या उपचाराचा इतिहास हा औषधांच्या शोधाइतकाच ती पारखण्याचा व रुग्णापर्यंत पोहोचविण्याचा इतिहास आहे.

पारा व वनस्पतिज औषधे : १४९५ च्या सुमारास इटलीतील नेपल्स येथे उद्‌भवलेली साथ लवकरच यूरोपभर पसरली. त्वचारोगांवर पूर्वीपासून वापरात असलेले पाऱ्याचे मलम व पाऱ्याची धुरी हेच तिच्यावरील प्रमुख उपाय ठरले. रुग्णास सुटणारी विपुल लाळ म्हणजे रोगविष बाहेर पडणे, अशी समजूत होती. वस्तुतः ते पारदविषबाधेचे लक्षण होते. हिरड्यांना व्रण होणे, दात गळणे व मूत्रपिंडे निकामी होणे हे परिणामही दिसत. वेस्ट इंडीजमधून आलेले ग्वायकम हे लाकूड सौम्य पर्याय म्हणून लोकप्रिय झाले. जर्मन विद्वान उलरिख फोन हुटेन यांनी १५१९ मध्ये त्याची प्रशंसा करणारा ग्रंथ लिहिला. तथापि १५२३ मध्ये ते याच रोगाने मृत्यू पावले.

भारतात हा रोग पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आला, असे सामान्यतः मानले जाते. सोळाव्या शतकातील भावमिश्र यांच्या भावप्रकाश या ग्रंथात पूर्वीच्या आयुर्वेदीय ग्रंथांतील ‘उपदंशा’हून निराळा असा ‘फिरंग रोग’ वर्णिला असून त्यावर रसकर्पूर व चोपचिनी ही औषधे सांगितली आहेत. रसकर्पूर कणकेच्या गोळीत घालून दातांना स्पर्श न होता गिळावा, ही सूचना पाऱ्याच्या मुखावरील दुष्परिणामांची जाणीव दर्शविते. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथातही चोपचिनीची चर्चा आहे.

आर्सेनिकयुक्त औषधे : १९०५ मध्ये शौडिन व होफमान यांनी रोगकारक जंतू शोधून काढला आणि १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तपरीक्षा उपलब्ध झाली. त्यामुळे सुप्त रोग ओळखणे व औषधाचा परिणाम तपासणे प्रथमच शक्य झाले. १९०९ मध्ये पॉल एर्लिख यांचे जपानी सहकारी साहाचिरो हाता यांना ‘६०६’ क्रमांकाचे आर्सेनिक संयुग सशांतील उपदंशावर गुणकारी आढळले. १९१० मध्ये ते साल्व्हरसान या नावाने विक्रीस आले. विशिष्ट जंतूचा नाश करण्यासाठी संश्लेषित संयुगांची पद्धतशीर चाचणी करण्याच्या मार्गातील हा महत्त्वाचा टप्पा होय. मात्र हवेशी संयोग होऊन औषध बिघडत असे, नीलेतून देताना मोठी दक्षता घ्यावी लागे व यकृतास अपाय होण्याची भीती असे. पुढे बिस्मथाची जोड देण्यात आली, तरी अंतःक्षेपणे वर्षभर वा त्याहूनही अधिक काळ घ्यावी लागत. व्रण भरताच अनेक रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडत.

पेनिसिलीन : १९४३ मध्ये अमेरिकेत जॉन माहोनी व त्यांचे सहकारी यांनी चार रुग्णांना पेनिसिलीन देऊन उपदंश बरा होत असल्याचे दाखविले. हा जंतू अतिशय सावकाश विभाजित होत असल्याने औषधाची रक्तातील पातळी दीर्घकाळ टिकणे आवश्यक असते. १९५० नंतर प्रचारात आलेल्या बेंझाथीन पेनिसिलिनाने ही गरज भागविली. प्रारंभिक अवस्थेत २४ लक्ष एककांचे स्नायूत दिलेले एकच अंतःक्षेपण पुरते. जुन्या सुप्त रोगात ते आठवड्याच्या अंतराने तीनदा देतात. भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यामुळे पेनिसिलिनाचे देशी उत्पादन सुरू झाले.

औषध उपलब्ध असूनही ते नाकारले जाण्याचे उदाहरण अमेरिकेतील टस्कीगी येथे घडले. तेथे १९३२ पासून सरकारी आरोग्य सेवेने उपदंश झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांचे, त्यांना रोगाची खरी माहिती न देता, केवळ निरीक्षण चालविले. पेनिसिलीन सर्वमान्य झाल्यावरही ते त्यांना देण्यात आले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून हा प्रकार उघडकीस आल्यावर तो थांबला. मानवी प्रयोगांत रुग्णाची माहितीपूर्वक संमती व स्वतंत्र नीतिसमितीची मान्यता यांविषयीचे अमेरिकेतील नियम यानंतर कडक झाले.

सद्यःस्थिती : परम्याच्या जंतूने एकामागून एक प्रतिजैविके निष्प्रभ केली, उपदंशाचा जंतू मात्र अद्याप पेनिसिलिनास दाद देतो. ॲझिथ्रोमायसिनास त्याने अनेक ठिकाणी प्रतिरोध दाखविला आहे. पेनिसिलिनाची अधिहृषता असल्यास डॉक्सिसायक्लीन देतात. गर्भिणीस मात्र ते देत नाहीत व अधिहृषता शमवून पेनिसिलीनच द्यावे लागते, कारण गर्भाचे रक्षण त्यानेच खात्रीने होते. असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये सु. ८० लक्ष प्रौढांना उपदंशाचा नव्याने संसर्ग झाला. अल्प नफ्यामुळे उत्पादक थोडे राहिल्याने २०१० नंतरच्या दशकात अनेक देशांत बेंझाथीन पेनिसिलिनाचा तुटवडा पडला. गर्भारपणाच्या आरंभीच रक्तपरीक्षा व वेळीच एक स्वस्त अंतःक्षेपण एवढ्याने टळू शकणारे अर्भकमृत्यू अजूनही घडतात. त्यांचे कारण औषधाचा अभाव नव्हे, तर ते वेळेवर न पोहोचणे हे आहे.