जखम मैदानावरची, भरपाई कोणाची?

महाविद्यालयासाठी खेळताना विद्यार्थी जायबंदी झाला, तर भार कोणी उचलायचा? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न चार वर्षांत दोनदा आला आणि उत्तरे निघाली दोन!

अर्नेस्ट नेमेथ हा डेन्व्हर विद्यापीठाचा फुटबॉलपटू. तिकडचा फुटबॉल म्हणजे अंगावर अंग आदळण्याचा खेळ. सरावातच त्याच्या पाठीला दुखापत झाली. विद्यापीठाच्या टेनिस मैदानाची निगा राखण्याचे पगारी काम त्याच्याकडे होते, पण ते टिके फुटबॉलच्या जोरावर. म्हणून १९५३ साली न्यायालयाने त्याला कामगार मानून भरपाई दिली.

१९५५ साली फोर्ट लुईस महाविद्यालयाचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. मागे राहिलेल्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ साली तेच न्यायालय म्हणाले, खेळण्याचा करार नव्हता. शिवाय महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही. बाईंना काही मिळाले नाही. आता तुम्हीच सांगा, तोट्यातल्या गिरणीत हात तुटला तर मालक सुटतो काय?

त्याच दशकात तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडूंना कोणी नोकर ठरवू नये, या धास्तीपोटी तो घडवला, असे संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवले आहे.