बदलत्या वेगाचे गणित : पाटणपासून भिलाईपर्यंत

भिलाई आणि रेल्वे यांचे नाते जुने आहे. येथील पोलाद कारखान्यात १९६० पासून तयार होणारे रूळ देशभर पोहोचले आहेत. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-बिलासपूर वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली आणि भिलाईवरून जाणाऱ्या लोहमार्गाने महाराष्ट्र व छत्तीसगड यांना आणखी जवळ आणले. या गाडीविषयी त्या वेळी एक आकडा सांगितला गेला : शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग अवघ्या ५२ सेकंदांत. त्वरणाचे उदाहरण सोडवायला नववीच्या विद्यार्थ्याला एवढी माहिती पुरेशी आहे.

रीत सोपी आहे. अंतिम वेगातून आरंभीचा वेग वजा करावा आणि बाकीला लागलेल्या काळाने भागावे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. त्याला ५२ ने भागले की ०.५३ येतात. म्हणजे दर सेकंदाला गाडीचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून किंचित अधिक वाढतो. गाडी थांबताना हीच वजाबाकी ऋण येते. मात्र हे उत्तर सरासरी आहे. एखाद्या नेमक्या क्षणी वेग किती आणि तो कसा बदलतो आहे, हा प्रश्न याहून अवघड आहे.

त्या प्रश्नाच्या इतिहासात महाराष्ट्राशी निगडित एक नाव आदराने घ्यावे लागते. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. आजचे आणि उद्याचे ग्रहस्थान यांतील फरक ही ग्रहाची दैनिक गती खरी. परंतु ती दिवसभर सारखी राहत नाही, म्हणून ती स्थूल होय, हे त्यांनी ओळखले आणि क्षणाच्या सूक्ष्म गतीला ‘तात्कालिक गती’ म्हटले. त्यांचा विषय ग्रहांचा होता, पडणाऱ्या वस्तूंचा नव्हता. तथापि बदलत्या गतीकडे गणिताच्या दृष्टीने पाहण्याचा तो मोठा टप्पा होता.

पडणाऱ्या वस्तूंचा प्रश्न युरोपात गॅलिलिओने हाती घेतला. त्याची अडचण आपल्या गाडीशी तुलना केल्यास लक्षात येते. वंदे भारतला ५२ सेकंद लागतात तो वेग, हवेचा विरोध सोडल्यास, उंचावरून सोडलेला दगड तीन सेकंदांच्या आतच गाठतो. इतका अल्प काळ मोजणारे घड्याळ त्या काळी नव्हते. म्हणून त्याने उतरत्या फळीच्या खोबणीतून काशाचा गोळा सोडून पतन जणू मंद केले आणि भांड्यातून गळलेले पाणी तोलून काळ मोजला. समान कालखंडांत गोळ्याने कापलेली अंतरे १, ३, ५, ७ अशा प्रमाणात वाढतात, म्हणजेच वेग काळाच्या प्रमाणात वाढतो, हा निष्कर्ष त्याच्या १६३८ च्या ग्रंथात आला. पुढे न्यूटनने १६८७ मध्ये त्वरणाची सांगड बलाशी घातली.

भास्कराचार्यांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट येथे स्मरणीय आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथे सुमारे १२०७ सालचा शिलालेख आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. ग्रंथ लिहून झाले होते. पण ते समजावून देणारे गुरू आणि बसून शिकण्याची जागा नसेल, तर ते बंदच राहतील, हे नातवाने जाणले होते.

महाराष्ट्राबाहेर, पोलादनगरीत, साठ वर्षे मराठीतून चालत आलेल्या शाळेचे कार्य याच जातीचे आहे. ‘त्वरण’ हा शब्द मराठीत आणि हिंदीत एकच आहे. येथील मूल तो मायबोलीत शिकते आणि शेजारच्या हिंदी शाळेतील मित्रालाही समजावून सांगू शकते. कारखान्यातून रूळ बाहेर पडतात; त्यांवरून धावणाऱ्या गाडीचे गणित समजणारी मुले मात्र वर्गातच घडवावी लागतात.